खांबेट्यांची भूक

दिगंबर खांबेटे सरोजिनीला पाहायला आला तो सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात. त्याआधी बरीच स्थळं तिला पाहून गेली होती आणि बहुतेकांनी पत्रिका जुळत नसल्याचं कळवलं होतं. पत्रिका नेमकी कुठे अडते हे तिला, तिच्या आईवडिलांना आणि शनिवार पेठेतल्या त्यांच्या अख्ख्या आळीला ठाऊक होतं. सरोजिनी लहानपणापासून अंगानं भरलेली होती, आणि कॉलेज संपेपर्यंत तिला जाडी म्हणण्यासाठी लोकांना आडपडदा ठेवायची गरज उरली नव्हती.

दिगंबरची गत काही वेगळी नव्हती. वीज मंडळात कायमची नोकरी, स्वभाव गरीब, बोलणं मिश्किल. पण त्याला जिना चढून धापा टाकत येताना पाहिलं की मुलीकडच्यांचे चेहरे उतरायचे. त्याच्या आईनं सरोजिनीच्या आईला आडून विचारलं, की मुलीचं वजन साधारण किती असेल. दिगंबर तेव्हा दुसऱ्यांदा पोहे वाढून घेत होता. मान वर न करता तो म्हणाला, "माझ्यापेक्षा कमीच असेल."

दाराआड उभी असलेली सरोजिनी खुदकन हसली. आपलं लग्न तिथेच ठरलं, असं ती पुढे सगळ्यांना सांगायची.

संसार सुखाचा झाला. मूल झालं नाही. त्याची कारणं डॉक्टरांनी सांगितली, त्यात वजनाचाही उल्लेख होता. सरोजिनी काही वर्षं आतल्या आत कुढली. दिगंबरनं मात्र तो विषय कधी काढला नाही, आणि घरी आलेल्या कुणालाही काढू दिला नाही. दोघांनी विश्रांतवाडीला फ्लॅट घेतला. ती मुलींच्या एका शाळेत भूगोल शिकवायची, तो मंडळाच्या कचेरीत बिलांच्या तक्रारी ऐकायचा. संध्याकाळी दोघं मिळून स्वयंपाक करायचे. भरली वांगी त्याची, आमटी तिची. कोशिंबिरीत दाण्याचं कूट किती यावर रोज वाद. रविवारी सकाळी स्कूटरवरून गावात जायचं, एका ठिकाणी मिसळ, दुसरीकडे साबुदाणा वडा, आणि परतताना कुठेतरी खरवस मिळतो का ते बघायचं. कचेरीतल्या कुणीतरी त्या जोडीला ‘गोलमेज परिषद’ असं नाव ठेवलं होतं. ते कानावर आलं तेव्हा दिगंबर म्हणाला, "बरोबर आहे. टेबलावर बसल्याशिवाय आमचं काहीच ठरत नाही."

लोक हसायचे, पण दोघं एकत्र असली की ते हसणं तितकंसं लागायचं नाही. खरं लागायचं ते सरोजिनी एकटी असताना. शाळेची सहल दरवर्षी सिंहगडावर जायची. घाटमाथा, खिंड, पठार, डोंगरसोंड हे सगळं फळ्यावर रंगीत खडूंनी इतकं सुरेख काढणाऱ्या खांबेटेबाई पायथ्याशी मुलींच्या पिशव्या राखत बसायच्या. मुली वरून लालबुंद होऊन यायच्या आणि काय काय दिसलं ते सांगायच्या. बाई कौतुकानं ऐकायच्या. एकदा एका मुलीनं निरागसपणे विचारलं, "बाई, तुम्ही वर गेलाच नाहीत, तर तुम्हाला तोरणा कुठल्या दिशेला दिसतो ते कसं माहीत?" नकाशावरून, असं बाईंनी सांगितलं. ते उत्तर खोटं नव्हतं, पण त्या दिवशी घरी येऊन त्यांनी रात्रीचा स्वयंपाक केला नाही.

पन्नाशी गाठली तोवर साखर वाढली होती, गुडघे गेले होते, आणि शाळेनं तिचे सगळे वर्ग तळमजल्यावर आणले होते. मधुमेहाच्या डॉक्टरांनी एक दिवस स्पष्टच सांगितलं, की आता पथ्य आणि चालणं यांवर भागणार नाही, शस्त्रक्रियेचा विचार करा. जठराचा मोठा भाग काढून टाकायचा, उरतो तो केळ्याएवढा. मग माणूस खाऊच शकत नाही फारसं.

दिगंबर तिच्याबरोबर सर्जनकडे गेला. सर्जननं आकृती काढून सगळं समजावलं, धोके सांगितले, फायदे सांगितले. शेवटी काही विचारायचंय का, असं म्हटल्यावर दिगंबरनं एकच प्रश्न विचारला. "नंतर ही खाणार काय?"

"सगळं खातील. पण दोन घास," सर्जन म्हणाले. मग त्यांनी दिगंबरकडे जरा निरखून पाहिलं. "तुम्हीही करून घ्या की. दोघांचं बरोबर झालं तर घरातलं पथ्य सोपं जातं."

"नको. घरात एकाला तरी भूक असू दे," दिगंबर म्हणाला, आणि तिघंही हसले.

सरोजिनीला पुढे ती खोली फार वेळा आठवली. त्या वेळी तिनं त्याला आग्रह केला असता, नुसतं "अहो, ऐका ना" म्हटलं असतं, तरी तो तयार झाला असता. तिचं म्हणणं त्यानं कधी मोडलं नव्हतं. पण ती गप्प बसली. तेव्हा तिला वाटलं, की नवऱ्यावर कशाला सक्ती करायची. खरी गोष्ट तिला फार उशिरा कळली. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी तिच्या एकटीचं होणार होतं. त्या जोडीतून, त्या ‘परिषदे’तून तिला बाहेर पडायचं होतं.

शस्त्रक्रिया दोन हजार चौदा साली दिवाळीच्या सुट्टीत झाली. पोटावर चार-पाच बारीक छिद्रं, एवढीच बाहेरून दिसणारी खूण. पण शुद्धीवर आली तेव्हा पोटापेक्षा खांदाच जास्त दुखत होता. आत भरलेल्या हवेमुळे असं होतं, असं नर्सनं सांगितलं. त्याच संध्याकाळी तिला उठवून चालवलं. एका हाताला सलाइनचा खांब, दुसऱ्या हाताला दिगंबर. तिच्या बरोबरीनं तोही धापा टाकत होता. पाणी प्यायचं ते औषधाच्या टोपणाएवढ्या कपातून, घोट घोट, मध्ये थांबून. दिगंबर घड्याळाकडे बघत खुर्चीत बसायचा आणि वेळ झाली की कप पुढे करायचा.

घरी आल्यावर तर त्यानं रजाच काढली. मुगाचं पाणी तो दोनदा गाळायचा. ताक इतकं पातळ करायचा की कपाचा तळ दिसायचा. तिला वासानं त्रास होऊ नये म्हणून घरात फोडणी बंद केली. स्वतः काय खायचा, ते तिला कळायचं नाही. एकदा ती खिडकीशी उभी होती, तेव्हा तिला तो रस्त्यापलीकडच्या गाडीपाशी दिसला. पाठमोरा, कागदातला वडापाव घाईघाईनं संपवत होता. वर येऊन त्यानं चूळ भरली, हात साबणानं धुतले आणि मग तिच्या खोलीत आला.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तिला मऊ भात, शिजवलेल्या भाज्या सुरू झाल्या. पहिल्यांदा पोळीचा घास घेतला तो घशाखाली अडकल्यासारखा झाला. मोरीत जाऊन तिनं तो ओकून टाकला आणि तिथेच बसून रडली. पोटाला भूक नव्हती, पण डोक्यातली भूक तशीच होती. कुणाच्या घरातून गोड्या मसाल्याचा वास आला की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग केस गळायला लागले, मुठीमुठीनं. न्हाणीघराच्या जाळीत केसांचे पुंजके अडकायचे. ती बाहेर येऊन केस पुसेपर्यंत दिगंबर आत जाऊन ते काढून टाकायचा. 

आणि मग एकदम दिवस पालटले. साखर खाली आली, गोळ्या कमी झाल्या, गुडघे कुरकुरायचे थांबले. नवे कपडे शिवले आणि तेही ढगळ व्हायला लागले. केस पुन्हा उगवले. दंडाची, पोटाची कातडी लोंबायची, ती पदराखाली झाकली जायची. शाळेत जुन्या मुली भेटायला आल्या की ओळखायच्या नाहीत. मुख्याध्यापिकांनी तिला दुसऱ्या मजल्यावरचे वर्ग दिले, तेव्हा ती पोरीसारखी जिना चढून गेली.

दर रविवारी सिंहगड चढणारा एक गट होता. बहुतेक निवृत्त मंडळी, पुढारी श्यामसुंदर नावाचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, बोलायला खमके. सरोजिनी त्यांच्याबरोबर जायला लागली. पहिल्यांदा आतकरवाडीच्या वाटेनं वर पोहोचली आणि कल्याण दरवाज्यापाशी उभी राहिली, तेव्हा समोर राजगड आणि तोरणा असे उभे होते, की इतकी वर्षं आपण फळ्यावर काय काढत होतो तेच तिला कळेना. ती तिथेच एका दगडावर बसली. त्या सकाळचं सुख तिला आजही खोटं वाटत नाही.

घरी येऊन तिनं दिगंबरला सगळं सांगितलं. त्यानं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "वर पिठलं-भाकरी मिळते म्हणतात. होतं का?"

सरोजिनीला चीड आली. इतकं सगळं सांगितलं आणि यानं विचारलं काय, तर पिठलं. पूर्वी हाच प्रश्न तिनंच त्याला आधी विचारला असता, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

रविवार असे गेले. दिगंबर पहाटे उठून तिला गटाच्या गाडीपर्यंत सोडायचा. काही दिवस तो तिथूनच एकटा मिसळ खायला जायचा. मग तेही सोडलं. एकट्यानं जाऊन काय बोलायचं मिसळीशी, असं एकदा म्हणाला. ती केसांना क्लिप लावत होती, तिनं नुसतं ‘हं’ केलं.

घरात आता दोन वेगळी जेवणं व्हायची. ती वाटीभर उसळ आणि काकडी घेऊन पाच-दहा मिनिटांत उठायची. तो ताट पुढ्यात घेऊन बसलेला असायचा. तिला त्याच्या चावण्याचा आवाज सहन होईनासा झाला. तिसऱ्या पोळीला हात गेला की ती डबा बंद करायची. "किती ते," म्हणायची. ज्या नजरेनं आयुष्यभर लोक तिच्या ताटात डोकावले होते, तीच नजर आता तिच्या चेहऱ्यावर आली होती. दिगंबरनं ती ओळखली असणार. तो तर ती नजर जन्मापासून ओळखत होता.

एका रविवारी गटाचं वार्षिक संमेलन पायथ्याशी ठरलं होतं. गड उतरून आल्यावर झाडाखाली बसायचं, गप्पा, गाणी. दिगंबरनं आपण होऊन सांगितलं, की मी सगळ्यांसाठी काहीतरी करून आणतो. तो रिक्षा करून, मांडीवर डबा सांभाळत विश्रांतवाडीहून एवढ्या लांब आला. डब्यात सुरळीच्या वड्या होत्या, कागदासारख्या पातळ, प्रत्येकीवर खोबरं-कोथिंबीर. मंडळी तुटून पडली. कुणीतरी म्हणालं, की खांबेटे, पुढच्या वेळी तुम्हीच वर चला, म्हणजे गडावर गरम मिळतील.

श्यामसुंदर म्हणाले, "यांना वर न्यायचं तर पालखी लागेल."

"पालखीला भोई लागतात," दिगंबर म्हणाला. "हल्ली मिळत नाहीत."

सगळे हसले. ते तिथेच थांबलं असतं. पण सरोजिनीच्या तोंडून निघून गेलं, "भोयांचं काम नाही ते. क्रेनच मागवावी लागेल."

मघापेक्षा मोठं हसू पिकलं. दिगंबरही हसला. हसता हसता त्यानं तिच्याकडे क्षणभर पाहिलं, आणि डबा पुढच्या माणसाकडे सरकवला. लोकांचे टोमणे त्यानं जन्मभर ऐकले होते, पण टोमणे मारणाऱ्यांच्या बाजूला बसून बोलताना त्यानं तिला कधी पाहिलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर तिला वाटलं, आपण काहीतरी बोलावं. पण गाडीत गटातली माणसं होती. घरी पोहोचल्यावर वाटलं, हा विसरला असेल, मुद्दाम कशाला आठवण करा. त्यानंही नेहमीसारखा चहा केला, तिला अर्धा कप दिला. दुसऱ्या दिवशी शाळेत परीक्षा सुरू झाल्या. माफी मागायची राहून गेली ती राहूनच गेली.

पुढच्या काही महिन्यांत दिगंबर कमी खायला लागला. ताटात दोनच पोळ्या घ्यायचा, मग दीड. संध्याकाळी आपला आपण सोसायटीभोवती चकरा मारायचा. सरोजिनीला मनातून बरं वाटलं. लागलं असेल थोडं, पण औषध लागू पडलं, असं तिनं शेजारच्या पद्मजाला सांगितलंही. 

त्या थंडीत दिगंबर जिन्यातच बसला. भाजीची पिशवी बाजूला, अंगाला दरदरून घाम. पद्मजाच्या नवऱ्यानं गाडी काढली. हृदयविकाराचा झटका होता. अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला. योगायोगानं तेच रुग्णालय होतं, जिथे सरोजिनीची शस्त्रक्रिया झाली होती. तिसऱ्या दिवशी तिचे सर्जन फेरीवर असताना मुद्दाम आत डोकावले. बाहेर आल्यावर ते म्हणाले, की यांना त्याच वेळी हृदयाच्या डॉक्टरांकडे जायला बजावलं होतं, गेले नाहीत का?

"कोणत्या वेळी?" सरोजिनीनं विचारलं.

सर्जन थोडे घुटमळले. मग त्यांनी सांगितलं. दिगंबर काही महिन्यांपूर्वी एकटाच त्यांच्याकडे आला होता. माझीही शस्त्रक्रिया करा, म्हणाला. तपासण्या केल्या तर हृदय फार कमजोर निघालं; भूल देणंसुद्धा धोक्याचं. आधी हृदयाचं बघा, मग पाहू, असं सांगितल्यावर तो मान हलवून गेला, तो परत आलाच नाही. पत्नीला सांगू नका, तिला उगाच काळजी, एवढं मात्र बोलून गेला.

सरोजिनीनं नीट विचारून घेतलं, नेमकं कधी. संमेलनाच्या नंतरचाच आठवडा होता तो.

ती आत जाऊन त्याच्या पलंगाशी बसली. तो जागा होता. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. इतका मोठा माणूस त्या पलंगावर प्रथमच लहान दिसत होता.

"मला का नाही सांगितलंत?" तिनं विचारलं.

त्याला कशाबद्दल ते लगेच कळलं. "काय सांगायचं होतं? क्रेन रद्द झाली म्हणून?"

तिला हुंदका आवरला नाही. त्यानं सुया टोचलेला हात कसाबसा उचलून तिच्या मनगटावर ठेवला. "अगं, गंमत केली. रडतेस काय सरोज."

"माझं चुकलं हो त्या दिवशी."

"जाऊ दे," तो म्हणाला. "सगळे हसत होते, तूही हसलीस. मीही हसलोच की."

 तिनं पुढेही बोलायला हवं होतं. पण त्यानं असं सहज सोडून दिलं, की पुन्हा धरायला काही हाती राहिलं नाही. भांडला असता तर बरं, असं तिला तेव्हाही वाटलं आणि नंतरही.

तो घरी आला. औषधं, बिनमिठाचं जेवण, हळूहळू चालणं. वजन उतरत गेलं. आता तिनं गटाबरोबर जाणं सोडलं होतं. श्यामसुंदरांचे फोन आले, तिनं कारणं सांगितली. दिगंबरच तिला म्हणायचा, की जा गं, तुझा डोंगर तिथे वाट बघत असेल. एकदा ती गेली. अर्ध्या वाटेवर जीव लागेना, तशीच उतरून आली. घरी येऊन पाहते तो दिगंबर टेबलाशी बसलेला. पुढ्यात मऊ भात, वर तुपाचा थेंब नाही. घास घ्यायचा आणि भिंतीकडे बघायचा.

मग तिनं त्याच्यासाठी स्वयंपाक करायला सुरुवात केली. डॉक्टरांच्या नियमात बसवून, पण चवीचा. कमी तेलातली भरली वांगी करून पाहिली. चिंचगुळाची आमटी केली, मीठ न घालता, लिंबू पिळून. आमटी कशी झाली ते तिचं तिला नीट कळायचं नाही. शस्त्रक्रियेपासून तिची जीभ बदलली होती, पूर्वीसारखे पदार्थ तिला लागत नसत. चव सांगायला पूर्वी तो होता. आता तो एक चमचा तोंडात घालायचा, "छान झालीये" म्हणायचा आणि वाटी खाली ठेवायचा. ती म्हणायची, अजून घ्या ना थोडी. तो म्हणायचा, भरलं पोट. त्याचं पोट तर शाबूत होतं, कुणी काही कापलेलं नव्हतं.

इमारतीतल्या, शाळेतल्या बायका अजूनही सरोजिनीकडे सल्ला विचारायला येतात. करू का ही शस्त्रक्रिया, दुखतं का, केस परत येतात का? ती सगळं व्यवस्थित सांगते. करा, म्हणते. मला जीवदान मिळालं, म्हणते, आणि ते खरंच आहे. एकदा एकीनं विचारलं, की बाई, पश्चात्ताप नाही ना होत? सरोजिनी म्हणाली, की शस्त्रक्रियेचा नाही. त्या बाईला पुढे विचारावंसं वाटलं असणार, पण सरोजिनी चहा टाकायला उठली.

गेल्या वैशाखात दिगंबरच्या भाचीचं लग्न होतं. कार्यालयात पंगत बसली. हौसेनं खाली पानं मांडली होती. पण दिगंबरला मांडी घालता येत नाही म्हणून त्या दोघांना भिंतीकडेला टेबल दिलं. वाढपी जिलब्यांचं ताट घेऊन आला. ज्या माणसानं जन्मभर जेवणावर आडवा हात मारला, त्यानं पानावर आडवा हात धरला.

"एक घ्या," सरोजिनी म्हणाली. "डॉक्टरांनी एखादी चालेल म्हटलंय. मी विचारून ठेवलंय."

"नको गं. खरंच नको."

"अहो, माझ्यासाठी."

दिगंबरनं तिच्याकडे पाहिलं, हात बाजूला घेतला आणि जिलबी वाढू दिली. तिचा एक तुकडा मोडून तोंडात घातला, सावकाश चावला आणि पाण्याचा घोट घेतला. उरलेली जिलबी पानाच्या कडेला राहिली. मठ्ठा आला, मसालेभात पुन्हा एकदा फिरला, पंगत उठायच्या बेताला आली. सरोजिनी त्याच्यासाठी बसून राहिली, आणि तो तिच्यासाठी.

शेवटी तो म्हणाला, "ऊठ. हात धुऊन घेऊ. त्या पोरांना पानं उचलायचीत."